आईच्या निशाणीचा कागद

अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी जे मॉन्टगोमेरी शहर, तेथे १९७३ सालच्या जून महिन्यात सरकारी खर्चाने चालणाऱ्या एका कुटुंबनियोजन केंद्राची परिचारिका रेल्फ नावाच्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाच्या दारी आली, आणि घरातील १४ व १२ वर्षांच्या दोन मुलींना त्यांच्या आईसह रुग्णालयात घेऊन गेली. तेथे त्या माउलीपुढे एक कागद ठेवण्यात आला. तिला लिहितावाचता येत नव्हते. मुलींना त्या केंद्रातून गर्भधारणा टाळणाऱ्या औषधाची सुई आधीपासूनच टोचली जात असे, आणि तीच सुई पुढे चालू ठेवण्याकरिता हा कागद असावा अशा समजुतीने, आपल्या जुन्या दप्तरांत जिला 'निशाणी' म्हणत तशी एक फुली तिने त्या कागदावर केली. आईची घरी रवानगी झाली, मुली रुग्णालयातच राहिल्या, आणि शस्त्रक्रिया होऊन दोघींच्याही कुशीला कायमचे कुलूप लागले. थोरल्या बहिणीलाही नेण्याचा प्रयत्न झाला होता. परंतु तिने खोलीचे दार आतून लावून घेतले, म्हणून ती वाचली.

खरा प्रकार कळल्यावर आईबापांनी दाद मागितली, आणि त्याच शहरात दोन वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने त्यांच्या वतीने फिर्याद गुदरली. या खटल्याच्या ओघात जे बाहेर आले ते एका कुटुंबापुरते राहिले नाही. सरकारी पैशाने होणाऱ्या वंध्यीकरणासंबंधीचे नियम आदल्याच वर्षी छापून तयार झाले होते, पण त्यांच्या हजारो प्रती वॉशिंग्टनच्या वखारीत बांधलेल्या स्थितीत पडून राहिल्या होत्या. ज्या दवाखान्यांनी ते पाळावयाचे त्यांच्या हाती ते कधी गेलेच नव्हते. न्यायाधीश गेर्हार्ड गेसेल यांनी १९७४ च्या मार्च महिन्यात दिलेल्या निकालपत्रात नमूद केले की, संघीय सरकारच्या निधीतून दरवर्षी १ लाख ते १.५ लाख गरीब माणसांचे वंध्यीकरण होत होते, आणि त्यांपैकी कित्येकांना 'ऑपरेशन करून न घ्याल तर सरकारी मदत बंद होईल' असा दम भरून राजी करण्यात आले होते.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय जो प्रजनन-न्याय, त्याची सुरुवात मी या कागदापासून केली याला कारण आहे. कायद्याच्या रूक्ष दृष्टीने पाहिले तर त्या कागदावर संमती होती. फुली होती. नव्हते ते एवढेच, की जिने संमती दिली तिला काय विचारले जात आहे ते ठाऊक असावे, आणि 'नाही' म्हटल्यास दुसऱ्या दिवशी चूल पेटेल की नाही या धास्तीतून ती मुक्त असावी. सही आणि स्वातंत्र्य यांमधील हे अंतर अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी साडेतीनशे वर्षे भोगले आहे, आणि या विषयावर त्यांनी जे विचारधन जगाला दिले ते ग्रंथालयात बसून सुचलेले नसून या भोगवट्यातून आलेले आहे, अशी माझी धारणा आहे.

या अंतराचा पहिला दाखला १६६२ सालचा आहे. त्या वर्षी व्हर्जिनिया वसाहतीच्या विधिमंडळाने असा कायदा केला की, वसाहतीत जन्मणारे मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरावे. इंग्लंडच्या परंपरेत मूल बापाच्या कुळाचे. मग येथे ती उलटी का केली? कारण उघड आहे. गोऱ्या मालकाने गुलाम स्त्रीवर बळजबरी करावी आणि तिला होणारे, म्हणजे त्याच्याच रक्ताचे, मूल त्याच्या मिळकतीच्या यादीत गुराढोरांच्या व अवजारांच्या शेजारी मांडले जावे, ही सोय या एका कलमाने झाली. पुढे १८०८ पासून आफ्रिकेतून नवे गुलाम आणण्यास कायद्याने बंदी झाली, तेव्हा तर दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांना लागणारे हात पुरविण्याची सारी भिस्त याच कुशींवर येऊन पडली, आणि तरुण स्त्रीचा भाव ठरविताना तिला किती मुले होतील याचा अदमास घेण्याची वहिवाट पडली. जिला स्वतःच्या देहावर हक्क नाही, आपल्या तान्ह्यावर नाही, ते उद्या कोणत्या बाजारात विकले जाईल हे जाणण्याचाही नाही, अशा आईचे दुःख शब्दांत मांडण्याचा आव मी आणणार नाही.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेतील ज्या उदारचरित लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला, हे मराठी वाचकांस विदित आहे. सातासमुद्रापलीकडील अपरिचित माणसांच्या बेड्या तुटल्याचा तो आनंद निर्मळ होता, आणि बेड्या तुटल्याही होत्या. परंतु त्या अर्पणपत्रिकेपासून मोजून शंभर वर्षांनी मॉन्टगोमेरीच्या रुग्णालयात त्या माउलीने कागदावर फुली केली, हा कालानुक्रम मला मनातून काढून टाकता येत नाही.

याच मॉन्टगोमेरीत १८४५ ते १८४९ या काळात डॉक्टर जे. मॅरियन सिम्स याने आपल्या घराच्या परसात एक लहानसे रुग्णालय बांधून गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. प्रसूती फार लांबली, मूल मार्गात अडकून राहिले, म्हणजे मूत्राशय आणि योनिमार्ग यांमधील पडदा सडून तेथे छिद्र पडते, आणि मग त्या स्त्रीचे मूत्र रात्रंदिवस गळत राहते. कपडे ओले, कातडी सोललेली, आणि दुर्गंधीमुळे जवळ कोणी बसेना. अनार्का नावाची सुमारे सतरा वर्षांची मुलगी तीन दिवस वेणा देत होती, त्यातून तिची ही दशा झाली. तिच्यावर, आणि ल्यूसी व बेट्सी या दोघींवर, शिवाय ज्यांची नावेही नोंदली गेली नाहीत अशा आणखी कित्येकींवर सिम्सने पुन्हा पुन्हा शस्त्र चालविले. एकट्या अनार्कावर तीस वेळा. ल्यूसीची शस्त्रक्रिया सुमारे तासभर, डझनभर डॉक्टरांच्या देखत चालली, ती गुडघे व हात टेकून ओणवी होती, आणि नंतर आत ठेवलेल्या स्पंजामुळे विषार होऊन ती मरता मरता वाचली. ईथरने भूल देता येते हे १८४६ साली बोस्टनमध्ये जाहीरपणे सिद्ध झाले होते, तरी या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या वेळी भूल मिळाली नाही. वेदनेवर उतारा म्हणून मागाहून अफू मिळे. त्यांच्या मालकांशी सिम्सने करार केला होता तो असा की, खाण्याराहण्याचा खर्च आपण सोसावा आणि कर व कपडालत्ता मालकांनी पाहावा. करारात तीन पक्षांपैकी दोघांच्याच इच्छेचा उल्लेख आहे.

एक गोष्ट मात्र या हकिकतीत फारशी सांगितली जात नाही आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. प्रयोग फसत गेले तसे मदतीला येणारे तरुण डॉक्टर कंटाळून निघून गेले, तेव्हा या स्त्रियाच एकमेकींच्या शस्त्रक्रियेत मदतनीस झाल्या. आज जी बाजेवर आहे तिचे हात उद्या जी बाजेवर जाणार तिने धरावयाचे! चांदीच्या तारेचा टाका शेवटी यशस्वी झाला, सिम्सला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणू लागले, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा उभा राहिला आणि तो २०१८ च्या एप्रिलपर्यंत तेथे होता. परंतु त्या शास्त्राच्या पहिल्या परिचारिका कोण, हा प्रश्न पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोणी कोरला नव्हता.

गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची बाळंतपणे, आणि गरीब गोऱ्यांचीही बरीचशी, सुईणींच्या हातून होत राहिली. लोक त्यांना मायेने 'ग्रॅनी', म्हणजे आजी, म्हणत. अलाबामातील यूटॉ गावच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ या अशाच एक. त्यांच्या हातून तीन हजारांवर बाळे सुखरूप जन्मली. खेचरगाडीत बसून चिखलातून वाट काढावयाची, पोहोचल्यावर आधी पाणी तापत ठेवावयाचे, घरात असेल ते जुनेर उकळून वाळवावयाचे, आणि मोबदला म्हणून कधी चार पैसे, कधी शेतातले माळवे, कधी नुसतेच आभार. माता-बालकांच्या आरोग्यासंबंधीच्या १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यानंतर या सुईणींना परवाना बंधनकारक होत गेला. महिन्याच्या महिन्याला जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत हजेरी लागे, पिशवी उघडून तपासली जाई, तिच्यात कात्री, पांढरा एप्रन, बाळाच्या डोळ्यांत घालावयाचे थेंब एवढेच सापडले पाहिजे, घरगुती मुळीपाला सापडला तर परवाना धोक्यात. स्वच्छतेच्या शिक्षणाने जीव वाचले यात शंका नाही, आणि ते या आजीबाईंनी मनापासून घेतले. पण ज्या खात्याने त्यांना शिकविले त्याच खात्याने पुढे त्यांना निकालात काढले. १९७६ साली अलाबामाने अशा सुईणींना कायद्याने बंदी केली. त्यांच्या जागी त्या त्या खेड्यात डॉक्टर आला असता तर तक्रारीला जागा उरली नसती. तो आला नाही.

मिसिसिपी राज्याच्या सनफ्लावर परगण्यात फॅनी लू हेमर या मळ्यावर काम करीत. वीस भावंडांतील त्या सर्वांत धाकट्या. १९६१ साली गर्भाशयातील गाठ काढण्यासाठी त्या रुग्णालयात गेल्या, आणि डॉक्टराने, आपल्याकडील बायका म्हणतात त्याप्रमाणे, त्यांची पिशवीच काढून टाकली. त्यांना कोणी विचारले नाही, नंतर सांगितलेही नाही. मळेवाल्याच्या घरच्या कुजबुजीतून ती बातमी स्वयंपाकघरात आणि तेथून त्यांच्या कानावर आली. त्या भागात हे इतके नित्याचे होते की त्याला 'मिसिसिपी अपेंडेक्टमी' असे नावच पडले होते. आपल्या परगण्याच्या रुग्णालयात जाणाऱ्या दहा कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सहाजणी वांझ होऊन परततात, असे हेमरबाईंनी १९६४ साली वॉशिंग्टनमध्ये जाहीरपणे सांगितले. मताधिकाराच्या लढ्यातील त्यांचे धैर्य सर्वश्रुत आहे. मला त्यांची दुसरी कामगिरी अधिक बोलकी वाटते. १९६९ साली त्यांनी ४० एकर जमीन मिळवून सामायिक शेती सुरू केली आणि त्याच सुमारास 'डुकरांची पेढी' काढली. गरजू कुटुंबाला एक गाभण डुकरीण द्यावयाची, ती व्याली की काही पिले पेढीला परत करावयाची, उरलेल्यांवर कुटुंबाने मुलांची पोटे भरावयाची. जिच्यापासून मातृत्व हिरावून घेतले त्या बाईला हे पुरते कळले होते की, मूल जन्माला घालण्याच्या हक्काला ते मूल उपाशी न झोपण्याच्या हक्काची जोड नसेल तर तो हक्क अर्धाच.

या स्त्रिया केवळ सोसणाऱ्या नव्हत्या, हे आतापर्यंत ध्यानात आले असेल. आपल्या आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८६७ साली रिबेका कोल नावाची कृष्णवर्णीय तरुणी पदवी घेऊन बाहेर पडली होती. आनंदीबाईंना तेथवर नेणारे दुःख म्हणजे चौदाव्या वर्षी झालेले आणि अवघ्या दहा दिवसांत गेलेले मूल. रिबेकाबाईंचे काम न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींत दारोदार फिरून आयांना बाळाची निगा शिकविण्याचे. पुढे १८७३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात गरीब स्त्रियांसाठी केंद्र काढले, तेथे औषध आणि कायद्याचा सल्ला ही दोन्ही एकाच छपराखाली मिळत. रोग्याचे दुखणे आणि त्याच्या हक्काचे दुखणे यांची जागा एकच असते, हे त्यांनी शतकापूर्वीच ओळखले होते.

हाच धागा विसाव्या शतकात बिली एव्हरी यांनी उचलला. १९७० साली त्यांचे पती वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, आणि शिकलेल्या माणसांच्या घरीही रक्तदाबाविषयी केवढे अज्ञान असते याची जाणीव त्यांना त्या आघाताने करून दिली. फ्लॉरिडातील गेन्सव्हिल येथे त्यांनी सहकारिणींसह १९७४ मध्ये स्त्रियांचा दवाखाना आणि १९७८ मध्ये प्रसूतिगृह काढले. मग १९८३ च्या जूनमध्ये अटलांटाच्या स्पेलमन महाविद्यालयात त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरविली, तिला सुमारे दोन हजार स्त्रिया लोटल्या. तेथून जी राष्ट्रीय चळवळ निघाली तिचे मुख्य साधन औषध नव्हते, बैठक होती: आठदहा बायकांनी कोणाच्या तरी घरी जमावयाचे आणि मारहाण, गर्भपात, वजन, एकटेपण, जे आजवर आईलाही सांगितले नाही ते, एकमेकींना सांगावयाचे. वैद्यकशास्त्र याला उपचार म्हणणार नाही. परंतु जिचे म्हणणे रुग्णालयात कोणी ऐकून घेत नाही तिला आधी आपलेच म्हणणे आपल्या कानांनी ऐकू यावे लागते, आणि ते काम या बैठकींनी केले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य केला, तेव्हा गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रियांच्या चळवळीने 'निवड' हा शब्द ध्वजावर लावला. तीनच वर्षांनी हाइड दुरुस्तीने गरिबांच्या सरकारी वैद्यकीय मदतीतून गर्भपाताचा खर्च वगळला. म्हणजे निवड राहिली, पण जिच्या गाठी पैसे तिच्यापुरती. शिवाय ज्यांच्या आज्यांना जबरीने बाळंत केले गेले आणि आयांना जबरीने वांझ, त्यांना एकट्या 'निवड' शब्दात आपला इतिहास मावत नाही असे वाटणे स्वाभाविक होते. १९९४ च्या जूनमध्ये शिकागो येथे एका परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या बारा कृष्णवर्णीय स्त्रिया वेगळ्या बसल्या. त्यांत लोरेटा रॉस होत्या, ज्यांनी डाल्कन शील्ड नावाच्या सदोष गर्भनिरोधक साधनापायी तेविसाव्या वर्षी अपत्यक्षमता गमावली होती. टोनी बाँड होत्या, जॉर्जियाच्या मेबल थॉमस होत्या. 'रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस', म्हणजेच प्रजनन-न्याय, हा शब्द त्या बैठकीत घडला. मूल न होऊ देण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क, आणि झालेले मूल निर्धास्त वातावरणात वाढविण्याचा हक्क, हे तिन्ही मिळून एकच मागणे आहे, असा त्याचा आशय. ऑगस्टमध्ये त्यांनी 'वॉशिंग्टन पोस्ट' मध्ये पानभर जाहिरात दिली. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आरोग्य-सुधारणेच्या खर्ड्यात स्त्रियांच्या या गरजांची तरतूद असावी अशी ती मागणी होती. जाहिरातीखाली आठशेहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सह्या होत्या. मजकूर वाचून, समजून, आपण होऊन केलेल्या सह्या. पुढे १९९७ साली सोळा संघटनांनी मिळून 'सिस्टरसाँग' ही संस्था उभारली, आणि तिच्यात आदिवासी, लॅटिन व आशियाई वंशाच्या स्त्रियाही आल्या.

एवढे होऊनही आजची स्थिती काय आहे? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२३ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या माता १४.५, आणि गर्भारपण व बाळंतपणाशी निगडित मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक टाळता येण्याजोगे असतात, असे तेच केंद्र म्हणते. गरिबी आणि अज्ञान हे याचे नेहमीचे उत्तर. पण पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला असणारा धोका शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा जास्त निघतो, तेव्हा ते उत्तर लटके पडते. मग दोष रक्तात आहे काय? रिचर्ड डेव्हिड व जेम्स कॉलिन्स या दोन डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी तपासून १९९७ मध्ये याचा निकाल लावला. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम. आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३. आणि अमेरिकेतच जन्मून वाढलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,०८९. रक्त आफ्रिकेचेच, फरक कोणत्या देशात कसे दिवस काढले याचा. आर्लीन जेरोनिमस या विदुषीने १९९२ साली याला 'झीज' म्हटले: रोजच्या अवहेलनेच्या घर्षणाने देह वयाआधी म्हातारा होतो.

आणि झीज सोसूनही जी बोलते तिचे ऐकले जात नाही. विख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स २०१७ मध्ये बाळंत झाल्या, दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा विकार त्यांना पूर्वीपासून होता, त्यामुळे कोणती तपासणी हवी आणि कोणते औषध हवे हे त्यांनी स्वतःच परिचारिकेला सांगितले. वेदनाशामकामुळे बाईंचा गोंधळ उडाला असावा, असे परिचारिकेला वाटले. आधी पायांची तपासणी झाली, तीत काही निघाले नाही. मग त्यांनी मागितलेली तपासणी झाली आणि गुठळ्या फुप्फुसातच सापडल्या. जगज्जेतीचे म्हणणे पटण्यास इतका उशीर लागतो, तर मजुरणीने काय करावे?

आता पुन्हा त्या कागदाकडे वळतो. रेल्फ खटल्यानंतर जे नियम झाले ते १९७९ पासून अमलात आहेत. सरकारी मदतीवर असलेल्या स्त्रीचे वंध्यीकरण करावयाचे तर तिचे वय किमान २१ हवे, तिला समजेल अशा भाषेत विशिष्ट नमुन्याचा अर्ज समजावून तिची सही घ्यावी, आणि त्या सहीनंतर निदान ३० दिवस जाऊ द्यावेत. काही अपवाद सोडता ही मुदत चुकत नाही. हे नियम कृष्णवर्णीय स्त्रियांनी भोगलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून आले, ते मोडीत काढावेत असे मी म्हणणार नाही, आणि त्या चळवळीतही यावर दुमत आहे. पण तीन मुलांची आई, जिला चौथ्यानंतर मूल नको आहे, जिने विचारपूर्वक तसे ठरविले आहे, ती दिवस भरून प्रसूतीला येते, आणि कचेरीतील लेखनिक फाइल चाळून सांगतो की अर्जावर सही होऊन तेवीसच दिवस झाले आहेत, किंवा मूळ प्रत दुसऱ्या दवाखान्यात राहिली आहे. ऑपरेशन होत नाही. ती बाळाला घेऊन घरी जाते. त्याच मजल्यावर, खासगी विमा असलेल्या दुसऱ्या बाळंतिणीला हे तीस दिवस कोणी मोजून दाखवीत नाही. तिची त्या दिवशीची सही पुरते.